आढ्यावरचा श्यामलाल

१

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. बपेऱ्याच्या भय्याजींच्या घरात घडली आणि मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. आता डोळ्यांनी म्हणजे, त्या संध्याकाळी मी तुमसरला मोटरसायकलचं पंक्चर काढून घेत बसलो होतो. पण भय्याजींनी मला सांगितली तेव्हा त्यांचे डोळे मी पाहिले, आणि तेही डोळेच. त्यांच्या घरी माझं लहानपणापासून जाणं-येणं. म्हणजे एकदाच गेलोय. पण चहा दोनदा प्यालो.

भय्याजी पासष्टीच्या पुढचे. धानाची शेती, गावात शब्दाला वजन आणि दिवेलागणीला टीव्हीसमोर खुर्ची. कापणी आटोपली, शेतातल्या बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे रचून झाले, की संध्याकाळी माणसाला काही काम उरत नाही. भय्याजी पाय धुऊन येऊन बसायचे. खुर्चीच्या डाव्या हाताला खाट, आणि खाटेवर धाकटा भाऊ श्यामलाल.

श्यामलालला गेल्या वर्षी लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा चालायचा. लग्न त्यानं केलंच नव्हतं. दादा-वहिनीच्या घरात वाढला, तिथंच केस पिकले. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "बोलतीलही, सांगता येत नाही." त्या 'बोलतीलही'वर भय्याजींनी वर्ष काढलं. रोज सकाळी चहा देताना ते विचारायचे, "काय म्हनतं श्याम?" आणि श्यामलाल काहीच म्हणायचा नाही.

दिवाळीला मुलगा योगेंद्र नागपूरहून आला, तो एक खोकं घेऊन. सीताबर्डीवर कुणी दुकानदार जुना माल काढत होता. खोक्यात डीव्हीडीचा प्लेअर आणि 'तपासनीस राजाध्यक्ष' ही अख्खी मालिका. काळी-पांढरी. हातात छत्री घेऊन फिरणारा तो राजाध्यक्ष प्रत्येक खुनाच्या शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून खुन्याचं नाव सांगायचा, आणि कुणी दार आपटलं की मागची पुठ्ठ्याची भिंत हलायची.

योगेंद्र म्हणाला, "बाबा, तुम्ही नेहमी सांगता ना, गाव जमायचं म्हणून. पाहा आता आरामात."

भय्याजींनी खोकं मांडीवर घेतलं आणि खाटेकडे पाहिलं. "मी तं पायलं हाये रे. यानं नाही पायलं."

२

हे समजायला ही मालिका टीव्हीवर लागायची तेव्हाचं बपेरा डोळ्यांसमोर आणायला हवं. गावात टीव्ही एकच, भय्याजींचा. तुमसरहून बैलबंडीत, धानाच्या तणसाच्या गादीवर बसवून आणलेला. घर कवेलूचं, कौलारू. नागपूरचं चित्र एवढ्या लांब यायचं म्हणजे दमूनभागूनच यायचं. अँटेनाचा पाइप आढ्याला बांधलेला; वारा आला की फिरे, कावळा बसला की फिरे, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

म्हणून मालिका सुरू झाली की कुणीतरी आढ्यावर पाय टाकून बसायचं आणि शेवटपर्यंत पाइप धरून ठेवायचा. हे काम श्यामलालचं. अंगानं काटक, त्याच्या वजनानं कवेलू फुटत नसत. गाव अंगणात, टीव्ही ओसरीत, श्यामलाल आभाळात.

वरून तो ओरडायचा, "आला का गाऽऽ?"

खालून अख्खं अंगण, "आला, आला! तसाच धर!"

मालिका संपली की तो विचारायचा, "उतरू का?" आणि भय्याजी म्हणायचे, "उतर." मग बांबूची शिडी करकरायची.

राजाध्यक्षांनी पकडलेले सगळे खुनी बपेऱ्यात लहानथोरांना पाठ होते. श्यामलालला एकही ठाऊक नव्हता. पाठ पडद्याकडे आणि तोंड नागपूरकडे करून त्यानं ती मालिका पूर्ण केली.

"बोलनं गेलं त्याचं," भय्याजी बायकोला म्हणाले. "डोये हायेत तोवर दाखवून टाकतो."

सुलोचनाबाई लसूण सोलत होत्या. "एवढ्या वर्षांनी सुचलं तुमाले. मोठे उपकार करून राहिले भावावर."

३

योगेंद्र तारा जोडून, रिमोट शिकवून नागपूरला परतला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भय्याजींनी श्यामलालला उशांना टेकवून बसवलं आणि पहिली तबकडी लावली.

संगीत वाजलं, छत्री उघडली. भय्याजींना गंमत वाटली ती चित्राच्या स्वच्छतेची. राजाध्यक्षांच्या कोटाला रुपयाएवढी बटणं होती, हे त्यांना आज कळलं. श्यामलाल टक लावून पाहत होता. खून झाला, तेव्हा त्याच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला. वर्षभरात ऐकलेला पहिला.

मग चित्र हललं. कडेनं मुंग्या चढू लागल्या, राजाध्यक्षांचं तोंड झाकलं, नुसती छत्री उरली.

"आला का गाऽऽ?"

"आला, आला! तसाच धर!" भय्याजी ओरडले.

चित्र स्वच्छ झालं.

स्वयंपाकघरातून सुलोचनाबाईंचा आवाज आला, "कोनाले धर म्हनता वो?"

 आपण ओरडलो, एवढं भय्याजींना नक्की माहीत होतं. कशाला उत्तर म्हणून ओरडलो, तिथं मन जाऊन थबकत होतं. सवय, ते स्वतःला म्हणाले. जुनं संगीत ऐकलं, जुनी सवय जागी झाली. बैल नाही का विकल्यावरही जुन्या गोठ्याकडे वळत.

भाग संपला. नावं वर सरकू लागली. मग वरून, अगदी सहज, कामावरच्या पोराच्या आवाजात कुणीतरी विचारलं, "उतरू का?"

'उतर' हा शब्द भय्याजींच्या जिभेच्या टोकावर आलेला होता. त्यांची नजर खाटेकडे गेली म्हणून तो बाहेर पडला नाही. श्यामलालची छाती हलत नव्हती. डोळे उघडे, ओठ मिटलेले, डावी मूठ हवेत उचललेली, काहीतरी उभं धरल्यासारखी घट्ट. उत्तर ऐकायला माणूस श्वास धरून थांबतो, तसा तो थांबला होता. फक्त फार वेळ.

"थांब," भय्याजी म्हणाले. "अजून हाये."

श्यामलालची छाती वर आली, खाली गेली. भय्याजींनी पुढचा भाग लावला.

४

सकाळी उजेडात कुठल्याही गोष्टीचा उलगडा होतो. भय्याजींनी योगेंद्रला फोन केला.

"अरे, त्या तबकडीत मुंग्या येतात."

"मुंग्या? बाबा, डीव्हीडीत मुंग्या येतच नाहीत. खराब असली तर अटकते, चौकटी पडतात. अँटेना कुठाय आता मुंग्या यायला?"

"आनि आवाज? वरून कोनी बोलल्यासारखा?"

"मालिकेतला असेल. काहून, काय झालं?"

"काही नाही. बीपीची गोयी घेतली का तुया आईनं, ते पायतो," असं काहीतरी भलतंच बोलून भय्याजींनी फोन ठेवला.

मग ते गच्चीवर गेले. घर आता स्लॅबचं. वर पाण्याची टाकी, डिशची छत्री, वाळत घातलेल्या मिरच्या. कुणी बसून गेल्याची खूण नव्हती. शेजारचा पोरगा मस्करी करत असेल, असं त्यांनी ठरवलं. शेजारी पुंडलिकरावांकडे पोरगा नव्हता, म्हणून ते ठरवणं फार टिकलं नाही.

खाली उतरून ते बोळात गेले. पुंडलिकरावांच्या जुन्या भिंतीवर भय्याजींच्या पाडलेल्या घराची खूण अजून होती: दोन्हीकडून चढत गेलेली काळपट तिरपी रेघ आणि मधोमध टोक. ते टोक म्हणजे आढं. श्यामलाल बसायचा ती जागा. पुराच्या भीतीनं नवीन घर बांधताना भय्याजींनी जोतं पुरुषभर उचललं होतं. ते टोकाकडे पाहत राहिले, मग आपल्या स्लॅबकडे, मग पुन्हा टोकाकडे.

आढं स्लॅबच्या खाली येत होतं. बरंच खाली. घरात गेलात तर पंखा लटकतो त्या उंचीवर.

आवाज गच्चीवरून आला नव्हता. तो बैठकीत होता.

भय्याजी घरात आले आणि पंख्याखालून न जाता भिंतीच्या कडेकडेनं खुर्चीपर्यंत गेले. सुलोचनाबाईंनी विचारलं, "असे काहून चालून राहिले, नवरीवानी?"

"पाय भरला," ते म्हणाले.

५

मालिका बंद करून टाकावी, हा सरळ विचार होता. पण संध्याकाळ झाली की श्यामलाल डाव्या हातानं खाटेची पाटी ठोकायचा. वर्षभर भिंतीकडे पाहणारा माणूस काहीतरी मागतोय म्हटल्यावर त्याला नाही कसं म्हणायचं? भय्याजी रोज लावत गेले. रोज मुंग्या चढल्या, रोज वरून विचारणा झाली, रोज भय्याजींनी उत्तर दिलं. आणि भाग संपून "उतरू का?" आलं की "थांब, अजून हाये." हे खरंच होतं. अजून भाग होते. टीव्ही बंद केला की वरचं सगळं गप्प व्हायचं, श्यामलालची मूठ सैल पडायची आणि तो झोपून जायचा.

माणूस कशालाही सरावतो. भय्याजीही सरावले. पंख्याचं बटण मात्र त्यांनी कधी दाबलं नाही. पाती फिरवायला मन होईना.

कठीण झालं ते तबकड्या संपत आल्यावर. शेवटचा खून एका छापखान्याच्या मालकाचा, दोन भागांत. पहिला भाग पाहून झाला आणि खोक्यात एकच तबकडी उरली. तिच्यानंतर 'अजून हाये' म्हणता येणार नव्हतं.

भय्याजींनी ती तबकडी कपाटावर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

छत्री उघडली, तोच खून, तीच मोठी बटणं. श्यामलालनं घटकाभर पाहिलं. मग मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. भाग संपल्यावर वरून आवाज आला, "उतरू का?"

"थांब. अजून हाये."

 या वेळी तो आवाज म्हणाला, "हात भरून आला, दादा."

 त्या काळात, थंडीत, वाऱ्यात, श्यामलालनं हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. म्हणजे ही सवय नव्हती, आठवणही नव्हती. जे आठवणीत नाही ते आठवेल कसं?

त्यांनी खाटेजवळ जाऊन भावाचा डावा हात हातात घेतला. मूठ उघडेना. बोटं गार होती आणि नखं निळसर.

६

दोन-चार संध्याकाळी अशाच गेल्या. श्यामलाल भिंतीकडे तोंड करून, भय्याजी पडद्याकडे, आणि वरून दर वेळी तेच, जरा जास्त दमलेलं. हाताचा निळेपणा मनगटापर्यंत चढला. शेवटी सुलोचनाबाईंनी कणकेचे हात पुसत दारात येऊन विचारलंच.

"शेवटची काहून नाही लावत?"

"संपल मंग."

"संपू द्या ना."

"तुले समजत नाही," भय्याजी हळू आवाजात म्हणाले. "उतर म्हनलो आनि हा... पायलं नाही तू, दम कसा धरते तो."

सुलोचनाबाई एकदा वर पंख्याकडे पाहून म्हणाल्या, "मले आयकू येते वो. पैल्या दिवसापासून येते."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलले का?" त्यांनी पदर खोचला. "लगन होऊन आली तवा हा पोरगा चड्डीत होता. जत्रेत तुमी तमाशाले, हा बैल धरून. गावजेवनात तुमी पंगतीत, हा पानी वाढून राहिला. आता मरनाच्या दारातबी तुमी त्याले पाइप धरून बसवला. जाईल तं जाईल भाऊजी. पन त्या छापखान्यावाल्याले कोनं मारलं, ते तं समजू द्या त्याले. नुसतं अर्ध्यावर ठेवलं बिचाऱ्याले!"

भिंतीकडे तोंड केलेल्या श्यामलालनं डाव्या हातानं खाटेची पाटी ठोकली. एकदा, जोरात.

भय्याजींनी कपाटावरची तबकडी काढली.

त्या दिवशी सुलोचनाबाईही सतरंजी टाकून बसल्या. बाहेर अजून उजेड होता, कुणाची तरी गुरं घंटा वाजवत परतत होती. श्यामलालला उशा लावल्या. राजाध्यक्षांनी छापखान्यात सगळ्यांना गोळा केलं: विधवा, मुनीम, डॉक्टर, भाचा. यंत्रं गप्प उभी. राजाध्यक्ष छत्री टेकत एकेकाच्या मागून फिरू लागले. श्यामलाल पापणीसुद्धा हलवत नव्हता.

"खुनी याच खोलीत आहे," राजाध्यक्ष म्हणाले, आणि मुंग्या चढल्या.

"आला का गा?" आवाज अगदी थकला होता.

"आला. तसाच धर."

चित्र आलं, गेलं, आलं. राजाध्यक्षांची छत्री हळूहळू वर उचलली जात होती.

"हात सुटून राहिला, दादा."

भय्याजींनी खाटेकडे पाहिलं. मूठ हवेत थरथरत होती. अजून थोडं धरलं असतं तर नाव कळलं असतं. पडद्यावर छत्रीचं टोक वळत होतं, आणि त्यांच्या तोंडात 'थांब' तयार होता. सुलोचनाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोड रे बाबा," भय्याजी म्हणाले. "सोड पाइप. उतर आता."

सगळा पडदा मुंग्यांनी भरला. राजाध्यक्षांचा आवाज त्यांत बुडाला, नाव कुणालाच ऐकू आलं नाही. मग टीव्ही काळा पडला.

घरात शिडी नव्हती. स्लॅब झाल्यावर ती चुलीत गेली होती. तरी बांबू करकरला, खोलीच्या मधोमध, दमानं. भय्याजी मान न वळवता काळ्या काचेकडे पाहत बसले. काचेत खोली दिसत होती: खाट, सुलोचनाबाईंचा पदर, स्वतःचं पांढरं डोकं. आणि त्या डोक्याच्या वर, पंख्यापासून खाली येणारे दोन उघडे पाय. तरुण, काटक, धुळीनं माखलेले. एक पाय खालची पायरी चाचपत होता.

भय्याजींनी डोळे मिटले.

"कोन निघाला, दादा?"

त्यांनी डोळे उघडले. खाटेवर श्यामलाल त्यांच्याकडे पाहत होता. मूठ उघडली होती, हात पांघरुणावर पडला होता, आणि वर्षभरानं त्याला वाचा फुटली होती. सुलोचनाबाई रडायलाच लागल्या. दुसऱ्या दिवशी गावात साखर वाटली. बपेऱ्यात कुणालाही विचारा.

७

विचारू नका. साखर मी वाटली, इथं बसून.

मालिकेचं नावही मी बदललंय, आणि भय्याजींचंही. पण त्याला खोटं म्हणत नाहीत. बाकी मुंग्या, भिंतीवरची रेघ, काचेतले पाय, हे मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगितलं. श्यामलालला वाचा फुटली, एवढंच माझं. भय्याजींच्या तोंडून शेवट ऐकला तेव्हा तो माझ्याच्यानं तसाच सांगवेना, म्हणून 'कोन निघाला' हा प्रश्न मी खाटेवर नेऊन ठेवला.

प्रश्न विचारला गेला, हे खरं आहे. तो भय्याजींच्या पाठीमागून आला, खांद्याजवळून, दम लागलेल्या पोराच्या आवाजात. खाटेवर श्यामलालचे ओठ वर्षभर होते तसेच मिटलेले होते. छाती शांतपणे वर-खाली होत होती. तो दादाच्या खांद्यावरून मागे बघत होता आणि ओळख पटल्यासारखा हसत होता.

भय्याजी वळले नाहीत. काळ्या पडद्याकडे पाहत त्यांनी सांगितलं, "डाक्टर होता रे."

"मले वाटलाच होता," मागचा आवाज म्हणाला.

सुलोचनाबाईंनीही मागे पाहिलं नाही. त्यांनी फक्त पदर सावरला, आणि सतरंजीवर जराशा सरकून एका माणसापुरती जागा केली.